गुन्ह्याच्या केसमध्ये पहिल्यांदाच अडकलाय? फिर्यादी आणि आरोपी, दोन्ही घरांसाठी कोल्हापूरकराचं मार्गदर्शन

आमच्या घरानं कोर्ट दोन्ही बाजूंनी बघितलंय. एका केसमध्ये माझे चुलते फिर्यादी, मार्केट यार्डातनं रात्री परत येताना त्यांना अडवून मारलं होतं. दुसरी केस भावकीच्या बांधावरनं झालेल्या मारामारीची, तिचा पहिलीशी काही संबंध नाही, आणि त्यात माझा आतेभाऊ आरोपी नंबर चार. दोन्हीकडची पळापळ माझ्याच गळ्यात पडली कारण "तुला कागदातलं कळतंय" असा आमच्या घरात एक गैरसमज आहे.

मी वकील नाही. पण पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेल्या माणसाला जे कुणी सांगत नाही ते इथं लिहितोय. दोन्हीकडं बघून माझं एक मत पक्कं झालंय, ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला कायद्यानं आता बरेच हक्क दिलेत पण मागितल्याशिवाय आणि ते पण लेखी मागितल्याशिवाय हातात पडत नाहीत. आणि आरोपीचे हक्क नीट पाळले गेले तर त्यात फिर्यादीचाच फायदा असतो. हे दुसरं ऐकून पहिल्यांदा मला पण राग आला होता. पुढं वाचा.

## १. आधी कायदा कुठला लागतो ते बघा

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालेत. गुन्हा त्या तारखेच्या आधी घडला असेल तर कलमं जुन्या आयपीसीचीच. चुलत्यांची केस जुन्यातली, आतेभावाची नव्यातली, त्यामुळं घरात दोन वेगवेगळे कलम नंबर तोंडपाठ झाले होते. युट्यूबवर कलम बघून वकिलाशी वाद घालायच्या आधी गुन्ह्याची तारीख बघा.

दुसरी गोष्ट. फिर्याद तुमची असली तरी केस तुमची नसते. कागदावर "महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक अमुक" असंच येतं, तुम्ही त्यात साक्षीदार. सरकारी वकील सरकारचा असतो, तुमचा नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा निम्मा मनस्ताप वाचतो. 'पीडित' म्हणजे ज्याचं नुकसान झालं किंवा ज्याला इजा झाली तो, आणि त्याचे पालक किंवा वारस पण त्यात येतात, म्हणजे माणूस गेला असेल तर घरच्यांना हे हक्क मिळतात.

## २. एफआयआर

मार लागलाय तर पहिलं सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) गाठा किंवा जवळचं कुठलं पण हॉस्पिटल, फिर्याद नंतर. डॉक्टरला कुणी, कशानं, कुठं मारलं ते खरं सांगा कारण तिथं जे लिहिलं जातं ते पुढं कोर्टात येतं. "पाय घसरून पडलो" असं भीतीपोटी सांगितलं की झालं, नंतर कितीही ओरडा.

गुन्हा राजारामपुरीच्या हद्दीत घडला आणि तुम्ही शाहूपुरी ठाण्यात पोचलात तरी "आमची हद्द नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआर घ्यायची आणि त्यांनीच ती तिकडं पाठवायची, हे आता कायद्यातच लिहिलंय. ऑनलाईन पण माहिती देता येते, फक्त तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, फिर्यादीला पण आणि पीडिताला पण. झेरॉक्सचे पैसे सुद्धा द्यायचे नाहीत.

घेतच नसतील तर? दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करू शकतात) असेल तर नोंद करणं बंधनकारक आहे असं सुप्रीम कोर्टानं ललिता कुमारी केसमध्ये २०१३ सालीच सांगितलंय. नव्या कायद्यात एक फट आहे, तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचा गुन्हा असेल तर डीवायएसपींच्या परवानगीनं १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते, त्यामुळं "चौकशी चालू आहे" म्हणाले तर कुठल्या तारखेपासून ते विचारून घ्या. तरी पण नाहीच घेतली तर तक्रार लिहून एसपींना रजिस्टर पोस्टानं पाठवायची, पोचपावती जपायची, आणि तिथं पण काही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं प्रतिज्ञापत्रासह अर्ज. ही पायरी सोडून थेट कोर्टात गेलं की अर्ज लटकतो.

"एनसी करून देतो की" याला लगेच हो म्हणू नका. एनसी म्हणजे अदखलपात्र, त्यात कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. जखम मोठी असेल तर मेडिकल सर्टिफिकेट आल्यावर कलम वाढवायला सांगता येतं.

आता सगळ्यात मोठा सापळा. चुलत्यांची फिर्याद टाईप होत होती तेव्हा बाकावर बसलेले एक ओळखीचे गृहस्थ कानाशी लागले, "काठी काय लिहिताय, कोयता लिवा, कलम वाढतंय." अंमलदारानं पण हात थांबवून चुलत्यांकडं बघितलं. चुलते म्हणाले, काठी हुती तर काठीच. पुढं डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर आलं, "कठीण व बोथट वस्तू". उलटतपासात आरोपीच्या वकिलानं सगळीकडनं घुसायचा प्रयत्न केला, अंधार होता, दिवा बंद होता, तुमचं जुनं वैर होतं, पण हत्याराच्या बाबतीत त्याला बोट शिरकवायला जागा मिळाली नाही. कोयता लिहिला असता तर त्या एका शब्दावर अख्खी फिर्याद खोटी ठरवायला निघाले असते.

आतेभावाच्या केसमध्ये बरोबर उलटं झालं. मारलं होतं दोघांनी, हे गाव जाणतंय. पण फिर्यादीत घरातली झाडून सगळी नावं घातली, त्यात हा पण, जो त्या वेळी गोकुळ शिरगावला एमआयडीसीत शिफ्टवर होता, हजेरी होती, गेटचं रजिस्टर होतं. तो सुटला, पण जाता जाता खऱ्या दोघांच्या वकिलाला आयता मुद्दा देऊन गेला की बघा साहेब, ही फिर्याद नावं घुसडणारी आहे. त्या फिर्यादीचं डोकं खरंच फुटलं होतं. त्याचं नुकसान आम्ही नाही केलं, जादा नावांनी केलं.

म्हणून फिर्याद देताना एवढं करा:

- वेळ, जागा, कोण काय म्हणालं, कोणी कशानं कुठं मारलं, एवढंच. नक्की माहीत नसेल तर "अंदाजे" म्हणा.
- नाव माहीत नसेल तर वर्णन द्या. ऐकीव नाव घालू नका.
- उशीर झाला असेल तर उशिराचं कारण फिर्यादीतच लिहून घ्या.
- सहीच्या आधी पूर्ण वाचा. चष्मा नसेल तर वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. "मी बसवतो सगळं, तुम्ही सही करा" याला बळी पडू नका.

## ३. जबाब, पंचनामा, मोबाईल आणि मुद्देमाल

पोलीस साक्षीदारांचे जबाब घेतात त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. लोकांना हे खोटं वाटतं, पण कायदा तसाच आहे. त्या जबाबाचा वापर पुढं मुख्यतः तुम्ही कोर्टात वेगळं बोललात का हे दाखवायला होतो. मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर होतो तो जबाब वेगळा, त्याला वजन जास्त. साक्षीदार फुटायची भीती असेल तर तपासी अंमलदाराला तो जबाब घ्यायला सांगा, लेखी अर्ज द्या.

झडती आणि जप्तीचं आता व्हिडिओ शूटिंग करावं लागतं, मोबाईलवर केलेलं पण चालतं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसानं जागेवर यावं असं कायदा म्हणतो, ही तरतूद राज्यांनी टप्प्याटप्प्यानं लागू करायची आहे. हे दोन्ही नियम दोघांच्याही कामाचे. आरोपीला वस्तू पेरल्याची भीती राहत नाही आणि पंच फुटले तरी व्हिडिओ फुटत नाही.

सीसीटीव्हीचं फुटेज पळत जाऊन मिळवा, दुकानदारांच्या मशीनवर जुनं आपोआप पुसलं जातं. मोबाईलमधलं रेकॉर्डिंग, व्हॉट्सअप चॅट वगैरे कोर्टात द्यायचं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं. मूळ मोबाईल विकू नका, फॉरमॅट मारू नका. स्क्रीनशॉटची प्रिंट म्हणजे पुरावा असं समजून बसलेली माणसं मी कोर्टाच्या पायऱ्यांवर रडकुंडीला आलेली बघितलीत.

तुमची गाडी, दागिने, पैसे मुद्देमालात जमा असतील तर केस संपेपर्यंत वाट बघायची गरज नाही. मॅजिस्ट्रेटकडं अर्ज, मालकीची कागदपत्रं, बाँड, आणि वस्तू सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टानं मागितली की हजर करायच्या हमीवर, परत. सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये सुंदरभाई देसाई केसमध्ये हेच सांगितलं होतं आणि आता नव्या कायद्यात फोटो, व्हिडिओ काढून माल मोकळा करायची मुदत पण घातली आहे. ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या गाड्या बघता का? त्यातल्या कित्येकांच्या मालकांनी अर्जच केलेला नसणार.

## ४. आपल्याच घरातलं माणूस उचललं तर

पहाटे फोन येतो. घाबरू नका, आणि ठाण्यात जाऊन आवाज पण चढवू नका.

- अटक केली असेल तर कारण सांगावंच लागतं. कारणं नीट कळवली नाहीत तर अटकच बेकायदेशीर ठरते असं सुप्रीम कोर्टानं २०२५ मध्ये पुन्हा बजावलंय.
- घरच्या एका माणसाला कळवलं पाहिजे, आणि प्रवास सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं पाहिजे. ही २४ तासांची अट संविधानाच्या कलम २२ मध्ये आहे.
- अटकेनंतर मेडिकल होतं. मारहाण झाली असेल तर तिथं डॉक्टरला सांगायचं आणि मॅजिस्ट्रेट "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का" विचारतात तेव्हा तोंड उघडायचं. तिथं "नाही" म्हणून बाहेर आल्यावर सांगितलेलं कोण ऐकणार.
- चौकशीत वकिलाला भेटता येतं, सगळा वेळ शेजारी बसवता येत नाही.
- बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची नसते, अपवाद असलाच तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी पाहिजे.
- सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट उचलायचं नाही, आधी नोटीस द्यायची, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून पोलिसांवर बंधनकारक आहे. पण नोटीस आली तर तारखेला हजर राहा, टाळली तर अटकेला तुम्हीच कारण देताय.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडनं फुकट मिळतो, कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. फोन नंबर १५१००. "असल्यांना कशाला वकील" असं म्हणणाऱ्यांना एकच सांगतो, २६/११ च्या कसाबला पण सरकारनं वकील दिला होता, आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याची फाशी कायम केली. खटला नीट चालला म्हणून ती शिक्षा वरच्या कोर्टात टिकली.

आता फिर्यादीच्या बाजूनं वाचणाऱ्यांसाठी. आरोपीला ठाण्यात चार फटके पडले की बरं वाटतं, खोटं कशाला बोला. पण पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, फारतर त्यातनं सापडलेल्या वस्तूपुरता भाग चालतो. मग त्या फटक्यांनी काय मिळालं? आरोपीच्या अंगावरचे वळ मेडिकलमध्ये आले आणि पहिल्याच रिमांडला मॅजिस्ट्रेटचं सगळं लक्ष तुमच्या केसवरनं पोलिसांवर गेलं. तपासी अंमलदार म्हणाले "जरा धडा शिकवतो" तर हात जोडून सांगा, साहेब त्यापेक्षा पंचनामा नीट करा.

## ५. बेल झाली म्हणजे सुटला असं नाही

कळंबा जेलमधनं बाहेर आलेला माणूस गल्लीत मिरवत येतो, पोरं फटाके वाजवतात, आणि ज्याचा हात मोडलाय तो खिडकीतनं बघतो. हे मी घरात बघितलंय आणि त्याच्यावर कुठलाच कायदा औषध नाही. पण बेल म्हणजे निर्दोष नाही. शिक्षा लागेपर्यंत माणूस निर्दोष धरायचा आणि तारखेला येईल, पळणार नाही, साक्षीदाराला हात लावणार नाही एवढी खात्री घेऊन बाहेर सोडायचा, असा तो हिशोब आहे. साठ किंवा नव्वद दिवसांत चार्जशीट गेलं नाही तर आपोआप बेलचा हक्क तयार होतो, त्यात न्यायाधीश पण काही करू शकत नाहीत. म्हणून पंचावन्नाव्या दिवशी तपासी अंमलदाराला फोन करणं हे फिर्यादीचं काम आहे, वाईट वाटून घेऊ नका.

बेलला विरोध करता येतो का? येतो. लखीमपूर खेरी प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पीडिताला प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेतलं पाहिजे, आणि ऐकून घेतलं नाही हे पण एक कारण धरून आरोपीची बेल रद्द झाली. ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये तर पीडिताला नोटीस द्यावीच लागते, सोळा वर्षांखालच्या मुलीवरच्या अत्याचारात पण फिर्यादी बाजूची हजेरी लागते. बाकी केसमध्ये बोर्डावर (त्या दिवशीच्या केसच्या यादीत) तुमचं नाव कुणी पुकारणार नाही, तुम्हीच ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर नंबर (केसचा कोर्टातला ओळख नंबर) टाकून तारीख बघायची आणि वकिलामार्फत अर्ज द्यायचा.

तिथं "साहेब बेल देऊ नका, तो गुंड आहे" एवढं बोलून काही होत नाही. धमकीचा फोन आला असेल तर त्याची तारीख आणि नोंद, घरासमोर घिरट्या घालत असेल तर फुटेज, आधीचे गुन्हे असतील तर त्यांचे नंबर द्या. आणि बेल मिळणारच असं दिसत असेल तर अटी मागा: गावात यायचं नाही, साक्षीदारांशी बोलायचं नाही, ठाण्यात हजेरी लावायची. माझ्या मते नवख्या माणसानं बेल अडवण्यापेक्षा अटींवर जोर द्यावा, कारण अट मोडली की बेल रद्द करायला ठोस कारण मिळतं.

साक्षीदाराला जिवाची भीती असेल तर साक्षीदार संरक्षण योजना आहे, २०१८ ची, सुप्रीम कोर्टानं ती देशभर लागू केली. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या समितीपुढं जातो, पोलीस धोक्याचा अहवाल देतात, मग गस्त, घराजवळ कॅमेरे, कोर्टात जायला यायला सोबत असं काही मिळू शकतं.

आणि आरोपीच्या घरच्यांनो, बेल झाल्यावर फिर्यादीच्या दारात "मिटवून घेऊ की" म्हणून जाऊ नका. तुमच्या मनात काही वाईट नसेल, पण त्याच्या दृष्टीनं ती धमकीच. बोलायचंय तर वकिलांमार्फत. आतेभावाच्या वेळी आत्या निघाली होती शेंगदाण्याची पोळी बांधून समोरच्यांकडं, तिला दारातनं माघारी आणली.

आत अडकून पडलेल्यांसाठी एक: पहिलाच गुन्हा असेल आणि जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्च्या कैदेत गेला असेल तर सोडायची तरतूद आहे, बाकीच्यांना निम्मा काळ. फाशी, जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकापेक्षा जास्त केस चालू असणाऱ्यांना हे लागू नाही.

## ६. नव्वद दिवस, चार्जशीट आणि समरी

तपास कुठंपर्यंत आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं असतं. व्हॉट्सअपवर कळवलं तरी चालतं. कळवलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ चा उल्लेख करून एक साधा अर्ज द्या, आवक शिक्का मारून घ्या.

चार्जशीट गेल्यावर त्याच्या प्रती आरोपीला मिळतात, आणि आता पीडितानं वकील दिला असेल तर त्याला पण. आरोपी कोर्टापुढं आल्यापासून १४ दिवसांत.

कधीकधी चार्जशीटऐवजी समरी, म्हणजे केस बंद करायचा पोलिसांचा अहवाल, जाते. 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, 'ब' म्हणजे फिर्याद खोटी, 'क' म्हणजे गैरसमजातनं दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. समरी मंजूर करायच्या आधी कोर्ट फिर्यादीला नोटीस काढतं. ती नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि कुणी हजर राहिलं नाही की केस बंद. पत्ता बदलला तर ठाण्यात आणि कोर्टात दोन्हीकडं कळवा.

## ७. वकील

सरकारी वकिलांच्या टेबलावर फायलींचा ढीग असतो, तुमची केस त्यातली एक. त्यांना भेटा, पण तारखेच्या दिवशी सकाळी बोर्ड चालू व्हायच्या वेळी नको, आदल्या दिवशी संध्याकाळी. सोबत एका पानावर घटनाक्रम लिहून न्या.

तुम्ही खाजगी वकील देऊ शकता, पण तो सरकारी वकिलाच्या हाताखाली काम करतो. कोर्टाच्या परवानगीनं लेखी युक्तिवाद देऊ शकतो, सेशन्स केसमध्ये साक्षीदारांना स्वतः प्रश्न विचारत बसू शकत नाही. लोक चिडतात की पैसे आम्ही मोजायचे आणि बोलायचं सरकारनं. मला ते पटलंय. सरकारी वकिलाचं काम काहीही करून शिक्षा लावणं हे नसतं, जे आहे ते कोर्टापुढं ठेवणं असतं, आरोपीच्या बाजूचं काही असेल तर ते पण. सूडाच्या रागात असलेल्या माणसाच्या हातात खटल्याचं स्टिअरिंग दिलं असतं तर माझा आतेभाऊ अजून आत असता.

## ८. साक्ष

समन्स आलं की मूळ फिर्यादीची प्रत वाचा, पाठ करू नका. पाठ केलेलं लगेच कळतं. दिवस मोकळा ठेवा, डबा न्या, तुमचा पुकारा दुपारी चारला पण होऊ शकतो. चार तास बसून "पुढची तारीख" ऐकायला मिळणं हा या सगळ्यातला सगळ्यात वाईट भाग. दोनपेक्षा जास्त तहकुबी द्यायच्या नाहीत असं कायदा म्हणतो, कॉरिडॉरमध्ये बसलेल्यांना विचारा काय होतं ते. तरी सरकारी वकिलांना त्या कलमाची आठवण करून द्यायला सांगा.

उलटतपास म्हणजे तुमचा अपमान नव्हे, आरोपीचा हक्क आहे. त्यानं तुम्हाला प्रश्न विचारायचेच. पण त्याला मर्यादा पण आहे: बीभत्स, नुसतं हिणवायला विचारलेला प्रश्न न्यायाधीश थांबवू शकतात, आणि लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये बाईच्या पूर्वीच्या संबंधांवर, चारित्र्यावर प्रश्न विचारता येत नाहीत. त्या केस बंद दाराआड चालतात, नाव छापणं किंवा स्टेटसला टाकणं हा गुन्हा आहे, न्याय मिळावा म्हणून टाकलं तरी.

चुलत्यांना विचारलं होतं, "खांबावरचा दिवा चालू होता का?" ते म्हणाले, "आठवत न्हाई, पण समोरनं गाडीचा उजेड हुता." आम्ही मागं बसून कपाळाला हात लावला, आठवत नाही कशाला म्हणाले. जेवणाच्या सुट्टीत आमच्या वकिलांनी त्यांना चहा पाजला, म्हणाले हेच पाहिजे होतं. सगळं आठवतंय म्हणणारा साक्षीदार वकिलाला आवडतो, पण समोरच्या.

साक्ष संपल्यावर टाईप झालेलं वाचायला मिळतं. "डावीकडून" चं "उजवीकडून" झालं असेल तर तिथंच सांगा. मराठीतच बोला, कमीपणा काही नाही.

## ९. भरपाई

हे सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे आणि सगळ्यात जास्त कामाचं आहे. आरोपीला शिक्षा होवो न होवो, सापडो न सापडो, पीडिताला राज्याच्या योजनेतनं भरपाई मागता येते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं, चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असते, तातडीची मदत आधी देता येते. बलात्कार, ॲसिड हल्ला, बालकांवरचे अत्याचार यासाठी महाराष्ट्रात मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. अशा पीडितांवर सरकारी काय आणि खाजगी काय, कुठल्याही हॉस्पिटलनं पहिले उपचार मोफत करायचे असतात. डिपॉझिट मागितलं तर तो गुन्हा ठरू शकतो.

शिवाय शिक्षेच्या वेळी कोर्ट दंडातनं भरपाई द्यायला लावू शकतं. पण ती आपसूक नाही, सरकारी वकिलांना मागायला सांगा आणि खर्चाची बिलं पुढं करा.

एका फाईलमध्ये एवढं ठेवा, भरपाईलाच नाही तर सगळीकडं लागतं:

- एफआयआरची प्रत, गुन्हा रजिस्टर नंबर, सीएनआर नंबर
- मेडिकल सर्टिफिकेट, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिलं
- आधार, रेशन कार्ड, बँक पासबुकची झेरॉक्स
- बुडालेल्या कामाचा पुरावा, पगारपत्रक किंवा मालकाचं पत्र
- दिलेल्या प्रत्येक अर्जाची आवक शिक्क्याची प्रत
- वकीलपत्राची झेरॉक्स आणि तारखांची वही

## १०. निकाल, तडजोड, अपील

किरकोळ गुन्हे मिटवता येतात, काही कोर्टाच्या परवानगीनं, गंभीर नाही. तडजोडीच्या कागदावर दमदाटीनं सही घेतली असेल तर न्यायाधीशांना तिथंच सांगा, ते विचारतातच. सरकारला खटला मागं घ्यायचा असेल तर आता पीडिताला ऐकल्याशिवाय परवानगी देता येत नाही.

आरोपी सुटला, कमी कलमात शिक्षा झाली किंवा भरपाई फार कमी मिळाली तर पीडित स्वतः अपील करू शकतो. नुसती शिक्षा कमी झाली म्हणून मात्र नाही, ते सरकारनं करायचं. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशन्सला, सेशन्सच्या निकालावर हायकोर्टात.

आणि हायकोर्ट आता इथंच आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात चालू झालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग सहा जिल्ह्यांसाठी. आधी एका बेलच्या तारखेला महालक्ष्मी एक्स्प्रेसचं रिझर्वेशन, मुंबईत राहायची सोय, आणि तिथं पोचल्यावर बोर्ड संपलेला. वकिलांनी आणि इथल्या लोकांनी कित्येक वर्षं आंदोलन केलं त्याचं महत्त्व ज्यानं ती गाडी पकडलीय त्यालाच कळणार.

फक्त रिक्षात बसताना नुसतं "कोर्ट" म्हणू नका. सीपीआरसमोरच्या जुन्या इमारतीत हायकोर्टाचं बेंच, आणि जिल्हा न्यायालय कसबा बावडा रोडला. विधी सेवा प्राधिकरण पण जिल्हा न्यायालयाच्या आवारातच. निकालाच्या नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी टाका, अपिलाच्या मुदतीतनं नकल तयार व्हायला लागलेले दिवस वजा होतात, पण अर्ज टाकायला तुम्ही केलेला उशीर वजा होत नाही.